हातचा एक

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या आठवड्यात लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या बाजारात गेलात, तर पणत्या, बोळकी, लाह्या-बत्तासे यांच्या रांगेत, जरा कडेला, शिंदीच्या केरसुण्यांचा ढीग दिसतो. वर्षभर जिच्याकडे कुणी वळून बघत नाही, ती या आठवड्यात एकदम मानाची होते. नवी केरसुणी घरात येते, पाटावर बसते, हळदकुंकू घेते. बायका तिला केरसुणी म्हणतच नाहीत. ‘लक्ष्मी आणली का?’ असं विचारतात.

ती बांधायला काय लागतं, हे एकदा जवळ बसून बघावं. ओढ्याकाठच्या शिंदीची पानं तोडून आणायची. पानाच्या बुडाशी सुईसारखे काटे. पानं उन्हात वाळवायची, मग थोडी ओलसर करून एकेक पाती उभी चिरायची. चीर जेवढी बारीक तेवढी धूळ नीट निघते. चिरलेल्या पात्यांचा जुडगा मुठीपाशी दोरीनं करकचून आवळायचा. मी बघत होतो त्या मावशींच्या नखांच्या कडेला पांढऱ्या चिरा पडल्या होत्या. घासाघीस करणाऱ्या एका बाईंना त्या म्हणाल्या, ‘‘लक्षुमी म्हणून नेतेत अन् पाच रुपयाला झटतेत. देवाचा कुणी भाव करतंय का, बाई?’’ बाई हसल्या. पाच रुपये मात्र त्यांनी सोडले नाहीत.

केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या बांधत आली ती मातंग समाजातली कुटुंबं. ज्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्याच हातची केरसुणी गाव लक्ष्मी म्हणून पूजत होतं. हा विरोध आपल्या सणात शेकडो वर्षं बिनबोभाट नांदला. पण त्याच सणात एक व्यवहारही होता. कुंभाराची पणती, बुरडाचं सूप आणि मातंगाची केरसुणी यांच्यावाचून दिवाळी पुरी होत नसे. म्हणजे सणाच्या खर्चातला काही वाटा गावातल्या सगळ्यांत गरीब घरांत जावा, अशी तजवीज विधीतच होती. तिचं फार कौतुक करायला नको. बलुत्याच्या पायलीबरोबर वाकणंही ठरलेलं असे. आता प्लास्टिकचा झाडू आला, चिनी माळा आल्या. वाकणं कमी झालं हे बरंच झालं. पण त्याबरोबर तो वाटाही आटला.

‘हातचं’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. ‘आईच्या हातचं’ म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. ‘त्यांच्या हातचं आम्ही खात नाही’ म्हटलं की माणूस तोडला जातो. आणि तिसरा अर्थ पाटीवरच्या बेरजेतला: आठ आणि पाच तेरा, तीन मांडले, हातचा एक. जो अंक या घरात मावत नाही, तो शेजारच्या घरात जातो. दिवाळीच्या भेटीचंही तेच गणित आहे. भेट ज्याला द्यायची त्याच्या घरात ती जातेच. तिचा हातचा कुणाच्या घरात जातो, एवढंच खरेदी करताना बघायचं असतं.

फिरता डबा

सोनपापडीच्या डब्याचा विनोद आता जुना झाला, पण तो खोटा नाही. एका घरातून आलेला डबा न उघडता दुसऱ्या घरी जातो, तिथून तिसऱ्या, आणि भाऊबीजेपर्यंत कधीकधी मूळ मालकाकडे परत येतो. या वाया जाण्याचा हिशेब अमेरिकेतल्या एका अर्थतज्ज्ञानं खरंच मांडला होता. जोएल वॉल्डफोगेल यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, की नाताळात मिळालेल्या भेटीची किंमत काय असेल आणि तीच वस्तू स्वतः घ्यायची झाली तर तुम्ही किती मोजाल? १९९३ मध्ये छापून आलेल्या त्या निबंधाचा निष्कर्ष असा, की भेटीच्या किमतीतला दहावा ते तिसरा हिस्सा घेणाऱ्याच्या लेखी जणू हवेत विरतो. देणारा शंभर मोजतो, घेणाऱ्याला ती वस्तू सत्तर ते नव्वदचीच वाटते.

वॉल्डफोगेल यांच्या हिशेबात माणसं दोनच होती, देणारा आणि घेणारा. तिसरा माणूस, म्हणजे ती वस्तू करणारा, त्यात नव्हता. तो धरला की बेरीज बदलते. समजा, तुम्ही ६०० रुपयांचा चकचकीत पुठ्ठ्यातला सुकामेवा घेतलात. त्यात बदाम-काजू किती आणि पुठ्ठा, जरी, जाहिरात, दुकानाचं भाडं किती, हे डबा उघडल्यावर कळतंच. त्याच ६०० रुपयांत शेजारच्या बचत गटाची चकली, शेव आणि अनारसे घेतलेत, तर बेसन-तेल-तूप वजा जाता उरलेली रक्कम चार बायकांच्या ताटाशी जाते. घेणाऱ्याला दोन्ही भेटी सारख्याच. फरक हातच्याचा.

पणतीपासून तिरंग्यापर्यंत

असा हातचा आमच्या भागातल्या कापडातही आहे. देवणी तालुका पूर्वी उदगीर तालुक्यातच होता. त्या उदगीरची एक ओळख बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडला तिरंगा ध्वज तयार करते, आणि त्या ध्वजाचं कापड विणलं जातं ते उदगीरच्या केंद्रात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात तिरंगा फडकवणं हा गुन्हा ठरत असे, त्याच मराठवाड्यानं पुढं देशाला तिरंगा पुरवला. पण ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावरच्या, पॉलिएस्टरच्या झेंड्यांनाही मुभा मिळाली. झेंडे घरोघरी पोचले, हाताच्या कापडाला मात्र स्वस्त स्पर्धक मिळाला.

खादीचं गणित समजून घेण्यासारखं आहे. सूत कातणाऱ्या बाईची मजुरी गुंडीवर ठरते. एक गुंडी म्हणजे १,००० मीटर सूत. २०२३ च्या मार्चपर्यंत खादी आयोगाचा गुंडीमागे दर साडेसात रुपये होता. पुढं तो १० झाला, २ ऑक्टोबर २०२४ पासून साडेबारा आणि १ एप्रिल २०२५ पासून १५. एक किलोमीटर सुताला १५ रुपये! दर दुप्पट होऊनही आकडा वाचताना ओशाळायला होतं. पण खादीच्या एका टॉवेलमागे कातणारी, विणणारा, धुणारा आणि शिवणारा असे हात आहेत, आणि त्यांतले बहुतेक खेड्यातले. पाहुण्याला शाल-श्रीफळ द्यायची आपल्याकडे रीतच आहे. श्रीफळाचं जाऊ द्या, शाल तरी कुठून येते ते बघता येईल. लातूर-नांदेडच्या कितीतरी सत्काराच्या शाली एकदाही न उलगडता ट्रंकेत पडून असतात. त्यांच्या जागी खादीचा पंचा किंवा सतरंजी दिली तर ती निदान वापरली जाईल. तांड्यावरच्या बायका जुन्या कापडाच्या वाकळी शिवतात, आरशा-कवड्यांचं भरतकाम करतात. लग्नाच्या आहेरात स्टीलच्या पंधराव्या डब्यापेक्षा तसली एक पिशवी किंवा वाकळ घेणारी नवरी आता मराठवाड्यातही भेटते.

बचत गटाचा फराळ: ऑर्डर केव्हा द्यायची?

गावोगावी आता महिला बचत गट फराळ करतात. सरकारच्या ‘उमेद’ अभियानातले गट आहेत, १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे, म्हणजे ‘माविम’चे गट आहेत. त्यांच्याकडून घ्यावं हे सगळेच सांगतात. कसं घ्यावं, हे सहसा कुणी सांगत नाही.

फराळ विकणाऱ्या गटाची खरी अडचण विक्रीची नसते, भांडवलाची असते. हरभऱ्याची डाळ, तेल, तूप, सुकं खोबरं हे सगळं दिवाळीच्या तोंडावर महागतं, आणि गटाला ते नेमकं तेव्हाच घ्यावं लागतं. आपण धनत्रयोदशीला जाऊन ‘दोन किलो चिवडा द्या’ म्हणतो, तोवर त्यांनी उसनवारीनं माल भरलेला असतो. ऑर्डर घटस्थापनेच्या सुमारास गेली आणि निम्मे पैसे आगाऊ गेले, तर गटाला डाळ स्वस्तात मिळते, व्याज वाचतं आणि किती तळायचं याचा अंदाज येतो. गरीब उत्पादकाला किती पैसे मिळाले याच्याइतकंच महत्त्व ते केव्हा मिळाले याला असतं. आगाऊ शंभर रुपये आणि दिवाळीनंतर महिन्यानं शंभर रुपये, ही एकच रक्कम नव्हे. याच दिवसांत सोयाबीनची रास निघते. भाव पडलेला असेल तर शेतकऱ्याच्या घरातही तेव्हा हात आखडता असतो, आणि गटातल्या बहुतेक बायका त्याच घरांतल्या असतात.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या छोट्या उत्पादकालाही अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी लागते. वर्षाला १०० रुपये शुल्क भरलं की ती होते आणि १४ अंकी क्रमांक मिळतो. तो पुडीवर आहे का, हे जरूर विचारावं. दया म्हणून खवट शंकरपाळी घेतली तर आपण पुढच्या वर्षी घेत नाही, आणि गटालाही काय चुकलं ते कळत नाही. चव बिघडली असेल तर सांगावं. गिऱ्हाइकाची तक्रार हीसुद्धा एक भेटच आहे, जरा कडू इतकंच.

पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्या मुला-मुलींना टपालखात्यातून फराळ धाडणारी घरं देवणी-उदगीरकडे आता नवी राहिली नाहीत. त्या पार्सलात गटाचा एक डबा गेला तर तोही हातचाच.

‘त्यांच्या हातचं’ विकत घेणं

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या माळरानावर बाबा आमटे आले तेव्हा त्यांच्याजवळ होतं काय? सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. दगड फोडून त्यांनी विहीर खणली, भाजी पिकवली. अडचण पुढंच आली. भाजी पिकली, पण ती घेणार कोण? कुष्ठरोग्याच्या हातची वांगी वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेईना. देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन त्याच माणसांबरोबर राबले, जेवले, तेव्हा कुठं गावाची भीती मोडली. पुढं आनंदवनातली भेटकार्डं, सतरंज्या, हातमागाचं कापड महाराष्ट्रभर घरोघरी गेलं.

ते कार्ड घेणाऱ्यानं दान केलं नव्हतं, खरेदी केली होती, हे इथं विसरू नये. दान कुणालाही करता येतं, लांबूनही. विकत घेतलेली वस्तू आपण घरात आणतो, तिला हात लावतो, ती दुसऱ्याच्या हातात देतो. कुष्ठरोग्याला भीक घालणारे तेव्हाही पुष्कळ होते. त्याच्या हातची वांगी शिजवणारे नव्हते. माणसाला भीक मिळाली की पोट भरतं. गिऱ्हाईक मिळालं की तो गावात परत येतो.

भेटकार्डांची ही वाट जगभर जुनी आहे. युनिसेफचं पहिलं कार्ड १९४९ सालचं, चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोवा नावाच्या सात वर्षांच्या मुलीनं काढलेल्या चित्राचं. मुंबईत १९७९ मध्ये रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी ५० रुपयांवर ‘क्राय’ ही संस्था सुरू केली. तिची कार्डं एका पिढीनं दिवाळीला आणि नववर्षाला पाठवली. मोबाइलनं कार्डं संपवली. आता तीच जागा पणत्या, आकाशकंदील, उटणं आणि मेणबत्त्या यांनी घेतली आहे. विशेष मुलांच्या शाळा, अंधांच्या कार्यशाळा, अगदी येरवड्याच्या तुरुंगातले कैदीसुद्धा दिवाळीसाठी वस्तू करतात. जवळच्या शहरातली अशी एखादी शाळा शोधायला एक फोन पुरतो.

मोठ्या दुकानातली पाटी मात्र जरा सावधपणे वाचावी. ‘प्रत्येक खरेदीमागे १ रुपया गरजूंसाठी’ ही युक्ती १९८३ साली अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनं गाजवली. कार्ड वापरलं की दर वेळी एक सेंट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या डागडुजीला. त्यातून १७ लाख डॉलर जमले आणि कंपनीच्या कार्डाचा वापरही चांगलाच वाढला. यात वाईट काही नाही. फक्त आपला रुपया कुठल्या संस्थेला जाणार, तिचं नाव पाटीवर आहे का, हे बघावं. नाव नसेल तर तो जाहिरातीचा खर्च समजावा.

खाणारी भेट

देवणीत राहून गायीवर न बोलणं अशक्य आहे. या गावाच्या नावानं देशभर ओळखला जाणारा गोवंश आहे. काळ्या ठिपक्यांची शेवरा, तोंडाच्या कडा काळ्या असलेली वानेरा आणि पांढरीशुभ्र, पोटाखाली ठिपके असलेली बालंक्या. दूधही देणारी आणि तिचा गोऱ्हा औतालाही चालणारी. दिवाळी सुरू होते तीच वसुबारसेला, गाय-वासरू पूजून. तेव्हा एखाद्या अडलेल्या घराला गाय द्यावी, असं कुणाच्याही मनात येईल.

पण गाय ही खाणारी भेट आहे. २००६ च्या सुमारास विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी सरकारी पॅकेजं आली, त्यांत शेतकऱ्यांना अर्ध्या अनुदानावर संकरित गायी देण्यात आल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा गावोगाव फिरून लिहिलं, की चारा-पाणी नसलेल्या घरात त्या गायी ओझं झाल्या. दुधाचे पैसे कमी आणि पेंडीचा खर्च जास्त. ज्या बाईनं कधी गाय मागितली नव्हती, तिच्या दावणीला कर्जासकट गाय आली. लातूरनं तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. अशा मुलखात जनावर भेट देताना आधी विचारायचं ते असं: चारा कुठून येणार? पाणी किती लांब? घरात दिवसभर कोण असतं?

हाच विचार उलट बाजूनं करणारी एक गोष्ट आहे. डॅन वेस्ट नावाच्या अमेरिकन शेतकऱ्यानं १९३० च्या दशकात स्पेनच्या यादवी युद्धात निर्वासितांना दूध वाटलं. दूध रोज संपायचं, रांग मात्र संपत नसे. तेव्हा दूध वाटण्यापेक्षा गाय द्यावी, असं त्याच्या मनात आलं. १९४४ मध्ये १७ कालवडींची पहिली खेप प्वेर्तो रिकोला गेली आणि त्यातून ‘हेफर इंटरनॅशनल’ ही संस्था वाढली. तिची अट एकच: तुमच्या कालवडीला पहिली कालवड झाली, की ती दुसऱ्या गरजू घराला द्यायची. घेणारा वर्षा-दोन वर्षांत देणारा होतो.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडं जनावर अर्धलीनं द्यायची रीत आहेच. मालक शेळी देतो, सांभाळणारा ती वाढवतो, पिलं निम्मी-निम्मी. अकोला जिल्ह्यात याच रीतीला हिशेबाची शिस्त लावून काही वर्षांपूर्वी ‘शेळी बँक’ सुरू झाली: १,२०० रुपये नोंदणी, एक गाभण शेळी, आणि ४० महिन्यांत चार करडं परत. पुढं माविमनंही ती उचलली. एकटीला गाय पेलत नाही, पण शेळी पेलते. बांधावरच्या पाल्यावर ती जगते. चार-पाच भावंडांनी, किंवा एका कचेरीतल्या सहकाऱ्यांनी मिळून दिवाळीचे आपापसांतले डबे बंद केले, तर एका घराला एक शेळी सहज होते. अट वेस्टचीच घालावी: पहिलं करडू शेजारणीला.

देणगी नको, भाऊबीज द्या

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. पुढं तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला. विधवांना शिकवणारी संस्था, म्हणजे पैशांची चणचण कायमची. हिंगण्याच्या संस्थेनं एक फार सुंदर युक्ती काढली, ती म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीत संस्थेची माणसं घरोघर जात आणि देणगी न मागता भाऊबीज मागत. आश्रमातल्या मुली या तुमच्याच बहिणी, त्यांची ओवाळणी तेवढी द्या. ओवाळणीत रकमेला लाज नसते. गरीब भाऊ चार आणे घालतो, श्रीमंत भाऊ नोट घालतो, ताट दोघांनाही तेच. मागणारा लहान होत नाही, देणारा मोठा होत नाही. त्या निधीवर शिकलेल्या बायका पुढं शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, आणि त्यांनीही भाऊबीज घातली.

ही युक्ती आजही कुणालाही वापरता येते. भावाला म्हणावं, यंदा साडी नको; तेवढ्या पैशात ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला वह्या-पुस्तकं आणि हिवाळी स्वेटर घे. दिवाळी सरली की मराठवाड्यातल्या तांड्या-वस्त्यांवरून कोयते निघतात, उचल घेतलेली कुटुंबं पाच-सहा महिन्यांसाठी फडावर जातात. त्या घरांत ड्रायफ्रूटच्या डब्याचा उपयोग नाही. चांगली बॅटरी, ब्लँकेट, पायात घालायला बूट लागतात. आणि मुलगी मागं राहिली, तर वसतिगृहातली एक खाट लागते.

वार लावा

लातूरपासून फार लांब नाही, औसा तालुक्यात हासेगावला, रवी बापटले यांनी २००७ मध्ये ‘सेवालय’ सुरू केलं. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचं घर. सुरुवातीला विरोध झाला. २००९ मध्ये ही मुलं गावच्या शाळेत नकोत यावरून जे घडलं, ते देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. ‘त्यांच्या हातचं’ याचाच तो नवा अवतार होता. औषधांचा खर्च अशा मुलांना पडत नाही. देशात १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरचे उपचार सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. लागतं ते चांगलं रोजचं जेवण, शिक्षण, आणि अठरा वर्षं पुरी झाल्यावर उभं राहायला एखादा धंदा.

महाराष्ट्रातल्या बहुतेक अनाथालयांचा आणि आश्रमांचा अनुभव सारखाच असतो. दिवाळीच्या चार दिवसांत लाडू ठेवायला डबे पुरत नाहीत, आणि मार्च-एप्रिलमध्ये तूरडाळीचं पोतं तळाला गेलेलं असतं. आपल्या आजोबांच्या पिढीला यावरचं उत्तर ठाऊक होतं. खेड्यातून शिकायला आलेला गरीब मुलगा शहरात वार लावून जेवत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. सात घरांवर एका मुलाचं शिक्षण पार पडे, आणि कुणा एकावरही भार पडत नसे. आज वार लावायचा म्हणजे बँकेत महिन्याची एक ठरलेली रक्कम लावून द्यायची. दिवाळीला एकदम ३,००० देण्यापेक्षा बारा महिने अडीचशे. रक्कम तीच, पण स्वयंपाकघर चालवणाऱ्याला आठवड्याचा बेत आखता येतो. मित्राच्या वाढदिवसाला, आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीला त्यांच्या नावानं असा एक वार लावला, तर ती भेट वर्षभर चालते.

देण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासायला तासभर पुरतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली आहे का, पावती देते का, मागच्या वर्षीचा हिशेब दाखवते का. ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोख देऊ नये, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही, हेही लक्षात ठेवावं. काय हवं ते आधी फोन करून विचारावं. जुने कपडे द्यायचे तर बटणं लावून, धुऊन, इस्त्री करून. भूजच्या भूकंपानंतर रस्त्याकडेला पडलेले कपड्यांचे ढीग ज्यांनी पाहिले, त्यांना न विचारता दिलेल्या भेटीची किंमत कळते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘गुंज’नं तर कपड्याला दान न समजता कामाचा मोबदला मानलं: गावानं विहीर उपसावी, रस्ता करावा, आणि कपडे कमवावेत.

आणि फोटो. हातात डबा घेतलेल्या मुलाशेजारी उभं राहून काढलेला फोटो स्टेटसला टाकण्याआधी थांबावं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख जाहीर करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मनाई आहे. कायदा बाजूला ठेवा. आपल्या मुलाला कुणी बूट दिले, आणि तो फोटो शाळेतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर गेला, तर तो ते बूट घालेल का?

किल्लारीचा हातचा

३० सप्टेंबर १९९३. गणपती नुकतेच विसर्जित झाले होते, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दगड-मातीच्या धाब्याच्या घरांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर जगभरातून भेटींचा पूर आला. लातूर-उस्मानाबादच्या माणसानं घेणाऱ्याच्या बाजूला उभं राहून तेव्हा सगळं पाहिलं. उपयोगी भेट कोणती आणि ढीग कोणता, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं गावोगावच्या बायका ‘संवाद साहाय्यक’ झाल्या. घर कसं बांधायचं, सरकारचा हप्ता कसा मिळवायचा, हे सांगणाऱ्या आणि गावाचं म्हणणं कचेरीत पोचवणाऱ्या. त्या कामातून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली. २००१ च्या जानेवारीत भूज हादरलं, तेव्हा याच बायकांमधल्या काही जणी गुजरातला गेल्या. त्यांच्या गाठोड्यात मिठाई नव्हती. घर पडल्यावर पहिल्या महिन्यात काय लागतं, कुठल्या कागदावर सही करायची नाही, भिंत कुठं मजबूत करायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या ओंजळीत कुणीतरी जे टाकलं होतं, त्यातलं जे उरलं, ते त्यांनी कच्छच्या बायकांच्या ओंजळीत टाकलं. २००४ च्या त्सुनामीनंतर ते तमिळनाडूपर्यंत गेलं.

पाटीवर बेरीज करताना गुरुजी दर वेळी विचारत, हातचा मांडला का? विसरलं की उत्तर चुकायचं. यंदा दिवाळीच्या यादीवर, प्रत्येक नावापुढं, हातच्याची एक छोटी रेघ मारून ठेवावी. पहिली रेघ केरसुणीपुढं मारली तरी चालेल, आणि पाच रुपये सोडून द्यावेत.